पानमळ्यातली जहाजाची फासळी

दादा, तुझं लाकूड वाळलं.

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. तिकडे बाबा भेटले असतील तर त्यांना बरंच वाटेल, "चला, टाकं मोकळं झालं" म्हणतील. तुला तसं वाटणार नाही. नऊ वर्षं जे लाकूड तू एक दिवस कोरडं पडू दिलं नाहीस, ते तू गेल्यावर बारा दिवसांत उभं चिरलं. काल तुझी तेरवी झाली. शेवटची पंगत उठल्यावर मी घरामागे टाक्याकडे गेले आणि आत वाकून पाहिलं. फासळीच्या मधोमध माझा अंगठा जाईल एवढी भेग पडली आहे. वरचा थर पापुद्र्यांनी सुटला आहे, बोटानं दाबलं तर भुगा हाताला लागतो. अंजनगावचा मे महिना, त्यात वर पत्र्याचं छप्पर. दुसरं काय होणार होतं?

काल पंगतीत सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलत होते. पानमळ्यातला पोरगा समुद्राच्या तळाशी जाऊन आला, शेदोनशे वर्षांपूर्वी बुडालेलं जहाज हातानं चाचपून आला, अंजनगाव सुर्जीचं नाव काढलं, वगैरे. आणि मग एकानं घास गिळून हळूच विचारलंच, "पन काहो बाई, सोनं किती भेटलं होतं थ्या जहाजात?" मी त्याच्या पानात वरण वाढलं आणि पुढे गेले. तू असतास तर हसला असतास. प्रत्येक वेळी हसायचास आणि म्हणायचास, "सोनं नाई भेटलं गा, खारं लाकूड भेटलं." मला मात्र या माणसांचा राग येतो. तुझाही येतो. आता तो लपवून ठेवायचं कारण उरलेलं नाही.

आपल्या मुलखाला समुद्र कुठला? पूर्णेच्या अंगाला खारपाणपट्टा आहे, तिथल्या विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही, एवढीच आपली समुद्राशी ओळख. आपल्या पानमळ्याची विहीर तेवढी गोड, आणि खोल. तू पाण्यातला माणूस झालास तो त्या विहिरीमुळे. आळीतल्या कुणाची बादली, कळशी पडली की गळ टाकण्याआधी तुला हाक यायची. तू बुडी मारून कळशी तर आणायचासच, वर तळाशी आणखी काय काय आहे तेही सांगायचास. जुनी साखळी, फुटका माठ, कुणाचा तरी पितळी तांब्या. तांब्या काढ ना रे, म्हटलं की म्हणायचास, "राहू दे. खाली बरा आहे थो. वर आनला का कोनाचा यावरून भांडनं होतीन." मी तेव्हा सहावीत असेन. तुझं ते बोलणं मला आळशीपणाचं वाटलं होतं.

आणि तू आळशी नव्हतास, हे मला कुणी सांगायला नको. मला रसायनशास्त्र शिकायला अमरावतीला पाठवायचं नाही असं बाबांनी ठरवलं, तेव्हा तू पानवेलींना पाणी द्यायचं बंद करून दोन दिवस विहिरीच्या काठावर बसून राहिलास. तिसऱ्या दिवशी बाबांनी तुला चार शिव्या घातल्या आणि माझी पेटी बसमध्ये चढवली. आज मी अकोल्याच्या कॉलेजात प्रयोगशाळेच्या किल्ल्या कमरेला लावून फिरते ती त्या दोन दिवसांमुळे. हे मी तुला कधी म्हटलं नाही. भाऊ-बहिणीत असं कुणी म्हणतं का, म्हणून नाही म्हटलं. म्हणायला पाहिजे होतं.

मग तू किनाऱ्यावर गेलास, कंत्राटी पाणबुड्या म्हणून सरकारी पुरातत्त्व खात्यात लागलास, आणि एके दिवशी तुझा फोन आला. आवाज ओळखू येईना, इतका तू खूश. "सुमे, डोयानं काई दिसत नाई, निरा गढूळ पानी. हातानं पायलं. फासळ्या आहेत वं, एकापाशी एक. जशा म्हशीच्या असतात." मी विचारलं, आता काय करणार? तू म्हणालास, काही नाही, मोजमाप घेऊन वर येणार. चिखलात गाडलेलं आहे तोवर त्याला काही होत नाही. चिखलात हवा नाही, किडा नाही.

पण बंदराचा रस्ता खोल करायचा होता. गाळ उपसणारं यंत्र यायचं होतं आणि त्याच्या वाटेत तुझं जहाज. खात्यानं ठरवलं, एका हंगामात काढता येईल तेवढं वर काढायचं. तू नको म्हणत होतास. यंत्राची वाट थोडी वळवा म्हणत होतास. कंत्राटी माणसाचं कोण ऐकतो! त्या दिवसांत आपण फोनवर रोज भांडलो. तू म्हणायचास, "वर काढाले एक महिना लागते. सांभाळाले वीस वर्सं. थे वीस वर्सं कोन देनार आहे, तू?" मी म्हणायचे, खाली ठेवून तरी कुणाला दिसणार आहे? माझ्या वर्गातल्या साठ मुलांपैकी चौघांनी समुद्र पाहिलाय. त्यांच्यासाठी ते जहाज असून नसल्यासारखंच. तू म्हणालास, "असून नसल्यासारखं असू दे, पन असू दे." मला ते बोलणं तेव्हा अडाणीपणाचं वाटलं आणि तसं मी म्हणालेही. शिकलेली बहीण ना मी.

चाळीसेक लाकडं वर आली. काही मर्तबान बरण्या, काही तोफेचे गोळे. पाहुणे यायचे होते, फोटो व्हायचे होते, म्हणून लाकडं बोटीवर उन्हात मांडून ठेवली होती. तू काय केलंस, तर धक्क्यावरची रिकामी पोती गोळा केलीस, समुद्रात बुचकळलीस आणि सगळ्या लाकडांवर पांघरलीस. पानाच्या टोपल्यांवर आपल्या घरी घालतात तशी. एक साहेब तुला म्हणाला, हे काय भाजी मार्केट आहे का? हे तू मला हसत हसत सांगितलंस. पुढे त्याच साहेबानं ती पद्धत आपली म्हणून अहवालात लिहिली, तेही हसत हसतच सांगितलंस. तुझं हे हसणं मला कधी पटलं नाही. दोन शब्द सुनवायचे होतेस.

पुढचं सगळं मीठ आणि कंटाळा. कार्यालयाच्या मागच्या अंगणात टाक्या बांधल्या, लाकडं गोड्या पाण्यात सोडली. नवा साहेब आला, त्याला दुसरं काम महत्त्वाचं वाटलं. मोटर जळली. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून तू पंधरा दिवस इकडे आलास, तेव्हा पाणी कुणी भरलंच नाही. परत गेलास तर तोफगोळ्यांची सालं निघून व्हरांड्यात लाल भुगा पडलेला, आणि लाकडं वेडीवाकडी होऊन फाटलेली. बाबांच्या ऑपरेशनला तू आला नसतास तर? हा प्रश्न तू कधी विचारला नाहीस, पण त्यानंतर तू कुणाच्याच कशाला थांबला नाहीस. माझ्या मुलीच्या लग्नात अक्षता पडल्या आणि तू पुढच्या बसनं परत. मी ते धरून ठेवलं होतं. अजून धरून आहे.

सगळ्यात खोल टाकीच्या तळाशी थोडं पाणी उरलं होतं, त्यात एक तुकडा वाचला. चार फुटांचा, एका टोकाला बाक आलेला. कागदोपत्री तो 'निकामी लाकूड' झाला होता. तू तो मागून घेतलास, त्यांनी सही करून देऊन टाकला. तुझं कंत्राटही संपलं. संत्री पोचवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमध्ये ओल्या पोत्यांत गुंडाळून, प्रत्येक ढाब्यावर पाणी शिंपडत, तू ती जहाजाची फासळी अंजनगावला आणलीस. वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "हे काय आनलं? सरपन?"

ते टाकं तू स्वतः बांधलंस. रोज सकाळी लाकडाची कूस बदलायचास, वरचं पोतं भिजवायचास. महिन्या-दोन महिन्यांनी पाणी बदलायचास. शेवटची तीन वर्षं तर पत्र्यावरून धरलेलं पावसाचं पाणी, का तर विहीर गोड असली तरी तिच्यात जमिनीचं थोडं मीठ असणारच. समुद्रानं दोनशे वर्षांत त्या लाकडात भरलेलं मीठ असं इंचाइंचानं बाहेर येतं. ते पुरतं निघाल्याशिवाय पुढचं काही करता येत नाही. निघालं की पाण्याच्या जागी मेणासारखं एक रसायन हळूहळू मुरवायचं, आणि मग सावलीत वाळवायचं. तेव्हा ते लाकूड टिकतं. मीठ संपलं की रसायन घेऊन मी येईन, असा शब्द मी तुला टाक्याच्या काठावर बसून दिला होता.

मीठ संपलं की नाही, हे मी सांगायचं. पाणी बदलण्याआधी तू बाटलीत टाक्यातलं पाणी भरायचास, चिठ्ठी चिकटवायचास आणि अकोल्याच्या एसटीच्या ड्रायव्हरजवळ द्यायचास. चिठ्ठीवर तारीख आणि दोनच शब्द, "काय म्हणते?" मी प्रयोगशाळेत त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायची. मीठ असलं की पाणी दुधासारखं फुटतं. पहिल्या वर्षी दह्यासारखं घट्ट फुटायचं. मग ताकासारखं. मग नुसता धूर. मी चिठ्ठीवर तुझ्या प्रश्नाखाली लिहायची, 'अजून आहे', बाटली धुऊन त्याच गाडीनं परत. कधी खाली लिहायची, 'पोळ्याला येते', कधी 'वहिनींना गुडघ्याचं तेल पाठवलंय'. आपला सगळा पत्रव्यवहार त्या बाटलीवर झाला. त्यातल्या एकदोन चिठ्ठ्यांवर तू लिहिलं होतंस की हे सागवान आपल्या मेळघाटातलं असलं तर? म्हणजे माहेरी आलं म्हणायचं. मी उत्तर लिहिलं होतं, मलबारचं असेल, उगाच नातं जोडू नको.

बाबा गेले तेव्हाची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण तिच्याशिवाय पुढचं खोटं वाटेल. मयत घरातून निघालं की घरात भरलेलं सगळं पाणी ओतून द्यायचं, भांडी पालथी घालायची आणि नवं पाणी भरायचं, ही आपल्याकडची रीत. चुलतभाऊ गजानन बादल्या ओतत ओतत टाक्याशी आला. तू स्मशानात जायला निघाला होतास, अंगावर ओलं धोतर. परत फिरलास आणि टाक्याच्या फळीवर जाऊन बसलास. "याले हात लावाचा नाई. हे पानी घरातलं नाई, जहाजातलं आहे." लोक तोंडाकडे पाहत राहिले. बाबांना खांदा द्यायचा आणि तू लाकडाशी बसलेला. मी लाजेनं खाली पाहिलं. शेवटी गजूनं तुझ्या गळ्याची शपथ घेतली की टाक्याला शिवणार नाही, तेव्हा उठलास. म्हणजे त्या टाक्यातलं पाणी सुतकातही ओतायचं नसतं, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत होतं. मला तर नक्कीच.

आता आपलं शेवटचं भांडण. होळीच्या आधी मी आले होते. तुला दहा पावलं चालताना थांबावं लागत होतं. मी म्हटलं, अकोल्याला चल, माझ्याकडे महिनाभर राहा, छाती दाखवू. तू म्हणालास, "महिनाभर? अन् इकडे पोतं कोन भिजवीन?" मी म्हटलं, वहिनी भिजवतील. "तिले पलटवनं नाई होत." मग मी जे बोलले ते तुझ्या लक्षात असेलच. तरी लिहिते. म्हटलं, ते लाकूड घाल चुलीत. म्हटलं, सरकारनं चाळीस वाळवली, एक तुझ्या हातानं वाळव आणि मोकळा हो. म्हटलं, यापुढे तुझं पाणी मी तपासणार नाही. तू बोलायला हवं होतंस, दादा. दोन शिव्या दिल्या असत्यास तर मी रडून मोकळी झाले असते. तू उठून पोतं भिजवायला गेलास आणि मी बस पकडली.

एप्रिलमध्ये बाटली आली. मी ती कपाटात ठेवली, न उघडता. आठ दिवसांनी तुझा फोन. "बाटली भेटली का वं?" भेटली, मी म्हटलं. "काय म्हनते?" वेळ नाही झाला. परीक्षा चालू आहेत. "बरं बरं. सवडीनं पाय." एवढंच. दोन मिनिटांचं काम होतं ते. थेंब टाकायचे आणि पाहायचं. मी तुला ताटकळत ठेवत होते. आधी दवाखान्यात ये, मग उत्तर देईन, असा माझा हिशेब होता आणि तो मी तुला सांगितलाही नव्हता. अजून दोनदा तुझा फोन वाजला, मी उचलला नाही. मग वहिनींचा आला.

तुला बाहेर काढलं आणि आतल्या बाया भांडी ओतायला लागल्या. वहिनी माजघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांना कशाचं भान नव्हतं. घरातली मोठी मी. माठ ओतला, पिंप ओतला, बादल्या ओतल्या. गजू मागच्या दारातून आला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहून मला विचारलं, "बाई, टाक्याचं बी का?"

त्यानं विचारलं, दादा. तुझ्या गळ्याची शपथ त्याला आठवत होती, म्हणून विचारलं.

मी म्हटलं, "सगळं."

बारा दिवस मी स्वतःला सांगत आले की दुःखात भान राहिलं नाही. ते खरं नाही. मला टाकं दिसत होतं. ओलं पोतं दिसत होतं, ते तू त्याच सकाळी भिजवलं होतंस. मला वाटलं, यानंच तुला खाल्लं. आता याचंही होऊ दे. एवढं स्पष्ट वाटलं मला. गजूनं खालचं बूच काढलं आणि नऊ वर्षं जपलेल्या त्या टाक्यातलं पाणी पानमळ्याच्या दांडानं वाहत गेलं. त्यानंतर बारा दिवस मी त्याच घरात होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरलं असतं तरी फासळी वाचली असती, हे माझ्याइतकं त्या घरात कुणाला कळत नव्हतं. मी एकदाही मागच्या दारानं गेले नाही.

काल वहिनींनी विचारलं, "सुमाताई, टाकं कोनं रिकामं केलं हो?" मी म्हटलं, गजूनं केलं असेल, रीतच आहे ना. वहिनी म्हणाल्या, "नऊ वर्सं मीही पोतं भिजवलं हो त्याहिच्यासंग. थे गेले त्या दिवशी सकाळी मले म्हनत होते, गाडीवर जाऊन पाय, सुमीची चिठ्ठी आली असन." मग त्या आत गेल्या. त्यांच्या मागे आत जाण्याची हिंमत मला झाली नाही. पुढच्या आठवड्यात जाऊन त्यांना खरं सांगणार आहे, आणि गजूलाही. त्यांनी मला काय म्हणायचं ते म्हणू दे.

तुझ्याकडे मी माफी मागत नाही. तू फोनवर एकदा तरी म्हणायचंस, सुमे, छाती दुखून राहिली. म्हटलं नाहीस. विहिरीच्या तळच्या तांब्यासारखं सगळं खाली ठेवून दिलंस, वर आणलं की भांडणं होतात म्हणून. मीही तशीच निघाले. आपण दोघांनी जहाज वर काढावं की नाही यावर अकरा वर्षं वाद घातला आणि आपल्यातलं काहीही वर काढलं नाही. तू म्हणत होतास तेच खरं ठरलं, वर काढणाऱ्यानं सांभाळायचीही तयारी ठेवावी. चाळीस लाकडं खात्यानं वाळवली, एकेचाळिसावं तुझ्या बहिणीनं. तुझी जिरली की माझी, ते मला ठरवता येत नाही.

आज सकाळच्या गाडीनं अकोल्याला आले आणि घरी न जाता तशीच कॉलेजात गेले. सुट्टी आहे, कुणी नव्हतं. कपाटातून बाटली काढली. चिठ्ठीवर एप्रिलची तारीख, आणि अक्षर थोडं हललेलं. "काय म्हणते?" सिल्व्हर नायट्रेट जुनं झालं असेल म्हणून आधी नळाच्या पाण्यात टाकून पाहिलं. लगेच पांढरं फुटलं. औषध ठीक होतं. मग परीक्षानळी धुतली, तुझं पाणी ओतलं, आम्लाचा थेंब टाकला आणि मग ते चार थेंब.

काहीच झालं नाही. खिडकीशी नेऊन धरलं, काळा कागद मागे लावून पाहिलं, हलवून पाहिलं. दुसऱ्या नळीत पुन्हा केलं. पाणी तसंच, नितळ.

मग बाटली धुतली, पुसली, आणि चिठ्ठीवर तुझ्या प्रश्नाखाली नेहमीच्या जागी उत्तर लिहिलं, 'मीठ संपलं. रसायन घेऊन येते.'